बाळाची काळजी नेमकी केव्हापासून? पुणे जिल्ह्यातील एका दीर्घ संशोधनाचा परिचय

मुळशी तालुक्यातील माण हे गाव आज बहुतेकांना ठाऊक आहे ते हिंजवडीच्या राजीव गांधी माहिती तंत्रज्ञान उद्यानामुळे. या उद्यानाचा तिसरा टप्पा माणच्या हद्दीत येतो आणि शिवाजीनगरकडे जाणाऱ्या मेट्रो मार्गाचे आगारही याच गावात आहे. एकेकाळच्या भातखाचरांच्या या परिसरात आज तीन प्रकारच्या गर्भवती स्त्रिया शेजारी शेजारी राहताना दिसतात. पहिली, येथील मूळ शेतकरी कुटुंबातील सून. दुसरी, नोकरीनिमित्त दूरच्या शहरातून आलेली आणि संगणकासमोर आठ-दहा तास बसणारी उच्चशिक्षित तरुणी. तिसरी, उंच इमारतींच्या बांधकामावर विटा-वाळू वाहणारी आणि पत्र्याच्या खोलीत संसार थाटलेली मजूर स्त्री. तिघींचे उत्पन्न, शिक्षण आणि ताटातील अन्न यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. तरीही गर्भारपणाविषयी आरोग्यशास्त्राने गेल्या तीस वर्षांत जे शोधून काढले, ते तिघींनाही लागू पडते. विशेष म्हणजे त्यातील फार मोलाचे संशोधन परदेशात नव्हे, तर आपल्या पुणे जिल्ह्यातील खेड्यांत झाले आहे. जगभरच्या वैद्यकीय ग्रंथांत त्याचा उल्लेख होतो. जिल्ह्यातील सामान्य कुटुंबांना मात्र त्याची फारशी माहिती नाही. म्हणून हा लेख.

प्रथम एक समाधानाची बाब नमूद करायला हवी. महाराष्ट्रात २००१ ते २००३ या काळात दर एक लाख जिवंत जन्मांमागे १४९ माता बाळंतपणाशी संबंधित कारणांनी मृत्यू पावत होत्या. २०१८ ते २०२० या काळात हे प्रमाण ३३ पर्यंत खाली आले. त्या वेळी देशाचे प्रमाण ९७ होते. घरी होणारी बाळंतपणे रुग्णालयात होऊ लागली, रुग्णवाहिका मिळू लागली, आशा कार्यकर्त्या दारोदार जाऊ लागल्या. खेडोपाडी छोटे दवाखाने चालविणाऱ्या धर्मभगिनींनीही या कामाला आपला हातभार लावला आहे.

परंतु माता जगली म्हणजे ती निरोगी आहे, असे होत नाही. २०१९ ते २०२१ मध्ये झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४.२ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. त्याआधीच्या पाहणीत हे प्रमाण ४८ टक्के होते. म्हणजे मातामृत्यू घटत असताना स्त्रियांचे रक्त मात्र सुधारले नाही. गर्भवती स्त्रियांतही ४५.७ टक्के, म्हणजे जवळजवळ निम्म्या, रक्तक्षयाने ग्रस्त होत्या. अशा मातेच्या पोटी जे मूल वाढते, त्याच्या पुढील आयुष्यावर याचा काय परिणाम होतो, हाच पुण्यातील संशोधकांसमोरचा प्रश्न होता.

सहा गावांतील स्त्रिया

१९९३ साली पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘पुणे माता पोषण अभ्यास’ हाती घेतला. इंग्लंडमधील साउथॅम्प्टन येथील डॉ. डेव्हिड बार्कर आणि डॉ. कॅरोलिन फॉल यांचे सहकार्य त्यांना लाभले होते. बार्कर यांनी १९८९ मध्ये एक वेगळाच निष्कर्ष मांडला होता. इंग्लंडमधील हर्टफर्डशायर परगण्यातील जुन्या जन्मनोंदी तपासताना त्यांना दिसले की, जन्मतः ज्यांचे वजन कमी होते, अशी माणसे पुढे हृदयविकाराने अधिक प्रमाणात मृत्यू पावली होती. साठीतल्या रोगाचे मूळ पाळण्याच्याही आधी असू शकते, हे ऐकून त्या वेळी अनेक डॉक्टरांनी भुवया उंचावल्या होत्या.

पुण्याच्या अभ्यासाचे वैशिष्ट्य असे की, त्यात स्त्रियांची नोंद त्या गर्भवती होण्यापूर्वीच करण्यात आली. जिल्ह्यातील सहा दुष्काळप्रवण खेड्यांतील विवाहित स्त्रियांच्या घरी आरोग्यसेविका नियमित जात, मासिक पाळीची तारीख टिपून घेत, वजन-उंची मोजत. त्यामुळे गर्भधारणेच्या आधी आई कशी होती, हे नेमके कळले. या स्त्रियांचे सरासरी वजन ४२ किलो आणि उंची १५२ सेंटिमीटर होती. अठराव्या आठवड्यात त्यांच्या रोजच्या आहारातून सुमारे १,८०० कॅलरी आणि ४५ ग्रॅम प्रथिने मिळत होती; शिफारशीपेक्षा हे बरेच कमी होते. एकूण ७९७ गर्भारपणांचा सविस्तर अभ्यास झाला. जन्मलेल्या बाळांचे सरासरी वजन २.७ किलोच्या आसपास भरले. साउथॅम्प्टनच्या बाळांचे ते साडेतीन किलो होते.

येथवर अनपेक्षित काही नाही. कृश मातेचे बाळ लहान, हे कोणतीही अनुभवी सुईण सांगेल. पण पुढील दोन निष्कर्षांनी संशोधकांनाही विचारात पाडले.

पहिला निष्कर्ष आहाराविषयी होता. आई एकूण किती कॅलरी व किती प्रथिने घेते, याचा बाळाच्या वजनाशी स्पष्ट संबंध दिसला नाही. संबंध दिसला तो आहाराच्या गुणवत्तेशी. ज्या माता अठराव्या आठवड्याच्या सुमारास दूध अधिक घेत होत्या आणि अठ्ठाविसाव्या आठवड्याच्या सुमारास हिरव्या पालेभाज्या व फळे वरचेवर खात होत्या, त्यांची बाळे आकाराने मोठी होती. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतील डॉ. शोभा राव यांच्या पुढाकाराने हा निष्कर्ष २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. दोन वर्षांनी त्याच अभ्यासातून आणखी एक गोष्ट पुढे आली. विहिरीवरून पाणी आणणे, शेतात राबणे, धुणी धुणे अशी अंगमेहनतीची कामे गर्भारपणातही ज्यांना अधिक करावी लागत होती, त्यांची बाळे तुलनेने लहान होती.

या दोन निष्कर्षांचा एकत्र विचार केला, तर आपल्या घरांचेच चित्र डोळ्यांसमोर उभे राहते. दूध गोठ्यात निघते, पण ते पहाटेच डेअरीत जाते. सुनेच्या वाट्याला चहापुरते उरते. मेथी-शेपूच्या जुड्या शेतात बांधल्या जातात आणि मार्केट यार्डाकडे रवाना होतात. सर्वांची पाने उठल्यावर जेवायला बसणाऱ्या स्त्रीला भाकरी मिळते, कालवण तळाशी गेलेले असते. तिचे पोट भरते; गर्भाला जे हवे ते मात्र मिळत नाही. ‘दोन जिवांची आहेस, दुप्पट खा’ हा आपल्याकडील जुना सल्ला प्रेमाचा खरा, पण दुप्पट भाकरीने हा प्रश्न सुटत नाही. याच्या अगदी उलट, बाळ मोठे झाले तर बाळंतपण अडेल या भीतीने शेवटच्या महिन्यांत हात आखडून जेवण्याची रीतही काही घरांत आहे, आणि ती अधिक घातक आहे.

दिसायला रोड, आतून लठ्ठ

दुसरा निष्कर्ष बाळांच्या शरीराविषयीचा होता. पुण्याची बाळे इंग्लंडमधील बाळांपेक्षा सर्व मापांनी लहान होती, पण सारख्याच प्रमाणात लहान नव्हती. त्यांचे स्नायू आणि पोटातील अवयव बरेच लहान होते. त्वचेखालील चरबी मात्र जवळजवळ टिकून होती. अशा बाळांना संशोधकांनी ‘कृश-लठ्ठ’ बाळे म्हटले. वजनकाट्यावर रोड, पण शरीराच्या घडणीत चरबीचा वाटा अधिक.

याच मुद्द्याचे एक गमतीदार उदाहरण २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. डॉ. याज्ञिक आणि त्यांचे लंडनचे सहकारी डॉ. जॉन युडकिन यांचे छायाचित्र त्यात शेजारी शेजारी दिले होते. उंची-वजनाच्या प्रमाणावरून काढला जाणारा शरीरभार निर्देशांक दोघांचाही २२.३, म्हणजे अगदी एकसारखा. पण शरीरातील चरबी मोजली तेव्हा युडकिन यांची ९.१ टक्के निघाली आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. भारतीय माणूस सडपातळ असूनही त्याला मधुमेह का जडतो, याचा उलगडा या एका छायाचित्राने जितका सहज होतो, तितका पानभर मजकुराने होत नाही.

मधुमेहाचा हा मुद्दा केवळ कुतूहलाचा राहिला नाही. सहा गावांत जन्मलेल्या त्या मुलांची तपासणी संशोधक पुढेही करीत राहिले. ती १८ वर्षांची झाली तेव्हा तपासलेल्या मुलग्यांपैकी ३७ टक्के आणि मुलींपैकी १८ टक्के जणांच्या रक्तातील साखर सामान्य पातळीच्या वर गेलेली आढळली. २०२१ मध्ये हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. ही मुले लठ्ठ नव्हती. शेतावर वाढलेली, बहुतेक सडसडीत अंगाची मुले होती. ‘मधुमेह हा बसून खाणाऱ्यांचा रोग’ ही आपली समजूत त्यांना लागू पडत नाही.

एका जुवाखालचे दोन बैल

येथे ब-१२ या जीवनसत्त्वाविषयी थोडे सविस्तर सांगणे आवश्यक आहे.

गर्भाच्या पेशी झपाट्याने वाढतात, एकीच्या दोन, दोनांच्या चार होतात. प्रत्येक वेळी पेशीतील आनुवंशिक द्रव्याची नवी प्रत तयार व्हावी लागते. या कामाला फॉलिक ॲसिड आणि ब-१२ ही दोन जीवनसत्त्वे लागतात, आणि ती एकमेकांच्या साहाय्यानेच काम करतात. एका जुवाला जुंपलेल्या दोन बैलांसारखी त्यांची जोडी आहे. एक बैल धडधाकट आणि दुसरा अशक्त असेल, तर गाडी नुसती मंदावत नाही, ती चाकोरी सोडते. फॉलिक ॲसिड पालेभाज्यांतून व डाळींतून मिळते. ब-१२ मात्र वनस्पतींत नसते. ते दूध, दही, अंडी, मासे आणि मांस यांतूनच मिळते.

पुण्याच्या अभ्यासातील मातांच्या रक्ताचे नमुने तपासले, तेव्हा दोन तृतीयांश मातांमध्ये ब-१२ कमी आढळले. उलट फॉलेटची कमतरता असलेली माता केवळ एक निघाली. त्यांची मुले सहा वर्षांची झाल्यावर पुन्हा तपासणी झाली. गर्भारपणात ज्या मातांच्या रक्तात फॉलेट भरपूर पण ब-१२ कमी होते, त्यांच्या मुलांच्या शरीरात इन्सुलिनला होणारा विरोध सर्वाधिक आढळला. मधुमेहाकडे नेणारी ही पहिली पायरी मानली जाते. २००८ मध्ये हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला आणि त्यावर जगभर चर्चा झाली.

याचा कोणी चुकीचा अर्थ काढू नये, म्हणून स्पष्ट सांगतो: सरकारी दवाखान्यात मिळणारी लोह व फॉलिक ॲसिडची गोळी गर्भवती स्त्रीने मुळीच बंद करू नये. या गोळीने रक्तक्षय टळतो, आणि गर्भधारणेपूर्वीपासून घेतलेल्या फॉलिक ॲसिडमुळे बाळाच्या मेंदूतील व पाठीच्या कण्यातील गंभीर व्यंगे टळतात, हे निर्विवाद आहे. मुद्दा इतकाच की, या गोळीत ब-१२ नसते. ते आहारातून किंवा डॉक्टरांच्या सल्ल्याने वेगळे मिळवावे लागते. दूध-अंडी क्वचितच खाणाऱ्या स्त्रीने तर त्याविषयी डॉक्टरांना आवर्जून विचारावे.

या कथेचा उगमही आपल्या राज्यात आहे, हे फार थोड्यांना माहीत असेल. १९२८ साली लूसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टर मुंबईत आल्या. गिरण्यांत काम करणाऱ्या गरीब गर्भवती स्त्रियांना होणारा एक तीव्र रक्तक्षय त्या अभ्यासत होत्या. लोहाने तो बरा होत नव्हता. अनेक प्रयोगांनंतर, यीस्टपासून बनवलेल्या ‘मार्माइट’ या स्वस्त खाद्यपदार्थाने या स्त्रिया बऱ्या होतात, असे त्यांना आढळले. मार्माइटमधील तो अज्ञात गुणकारी घटक म्हणजेच फॉलेट. पुढे १९४१ मध्ये तो पालकाच्या पानांतून वेगळा काढण्यात आला आणि पानासाठीच्या लॅटिन शब्दावरून त्याला नाव मिळाले. आज जगभरच्या गर्भवती स्त्रिया जी गोळी घेतात, तिचा माग काढत गेल्यास आपण परळ-लालबागच्या चाळींच्या काळात पोहोचतो.

आपल्या ख्रिस्ती कुटुंबांचे काय, असा प्रश्न वाचक विचारतील. आपण मांसाहारी आहोत, तेव्हा ब-१२ चा प्रश्न आपला नव्हे, असे मानणे धोक्याचे ठरेल. ज्या घरी रविवारीच मटण शिजते आणि त्यातील चांगले तुकडे पुरुषांच्या व मुलग्यांच्या ताटात जातात, त्या घरातील स्त्री नावापुरतीच मांसाहारी असते. उपवासकाळात चाळीस दिवस मांस-मासे-अंडी वर्ज्य करणारी अनेक भाविक कुटुंबे आपल्याकडे आहेत. ज्यांच्या शरीरात ब-१२ चा साठा पुरेसा आहे, त्यांना चाळीस दिवसांनी काही होत नाही. ज्यांचा साठा आधीच रिता आहे, त्यांचे तसे नाही. चर्चच्या रूढ शिस्तीनुसार आजारी व्यक्ती, गर्भवती स्त्रिया आणि अंगावर पाजणाऱ्या माता उपवासाच्या बंधनातून मुक्त आहेत. सासूबाईंनी ही गोष्ट सुनेला स्वतःहून सांगितली, तर सुनेच्या मनातील संकोच चटकन दूर होईल.

नाव नोंदवण्यापूर्वीचे महिने

गर्भधारणेनंतर साधारण तिसऱ्या आठवड्याच्या अखेरीस बाळाचे हृदय धडधडू लागते. अठ्ठाविसाव्या दिवसापर्यंत मेंदू व मज्जारज्जू ज्यापासून घडतो ती नलिका मिटते. बाळाला पोसणारी वार याच आठवड्यांत रुजते. आपल्याकडे स्त्री दवाखान्यात नाव नोंदवायला जाते ती बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात. पाळी चुकल्याचे लक्षात येऊन घरात कुजबुज सुरू होते, तोवर गर्भाच्या घडणीतील अत्यंत नाजूक काळ उलटलेला असतो.

म्हणूनच अलीकडील संशोधनाचा रोख गर्भधारणेपूर्वीच्या महिन्यांकडे वळला आहे. मुंबईच्या वस्त्यांमध्ये २००६ ते २०१२ या काळात डॉ. रमेश पोतदार, डॉ. सिराझुल सहारिया, डॉ. फॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक मोठा प्रयोग केला. ६,५१३ स्त्रियांना गर्भवती होण्यापूर्वीपासून प्रसूतीपर्यंत रोज एक ताजा खाऊ देण्यात आला. काहींच्या खाऊत पालेभाजी, फळे आणि दूध होते. इतरांच्या खाऊत बटाटा-कांद्यासारख्या, सूक्ष्म पोषकद्रव्ये कमी असलेल्या भाज्या. गोळी नाही, औषध नाही. घरच्या चवीचा, समोशासारखा खाऊ.

निकाल प्रामाणिकपणे सांगायला हवा. सर्व स्त्रिया एकत्र धरल्या, तर बाळांच्या वजनात उल्लेखनीय फरक पडला नाही. मात्र गर्भधारणेच्या निदान तीन महिने आधी ज्यांनी हा खाऊ सुरू केला होता, त्यांच्या बाळांचे वजन सरासरी ४८ ग्रॅमने वाढले. त्यातही अतिशय कृश स्त्रियांच्या बाळांना लाभ दिसला नाही. बऱ्या वजनाच्या स्त्रियांच्या बाळांना अधिक दिसला. मूठभर पोषक अन्न आधीपासून उपाशी असलेल्या शरीरात आईच्याच गरजा भागवण्यात खर्ची पडत असावे. ज्यांची साखरेची चाचणी झाली, अशा सुमारे एक हजार स्त्रियांमध्ये मात्र ठळक फरक आढळला: पालेभाजी-फळे-दूध यांचा खाऊ खाणाऱ्यांत गर्भारपणातील मधुमेह ७.३ टक्के, तर दुसऱ्या गटात १२.४ टक्के. माणच्या परिसरातील बैठी नोकरी करणाऱ्या तरुणींनी हा आकडा विशेष लक्षात ठेवावा. त्यांच्या ताटात अन्न कमी नसते, पण डबा हॉटेलातून येतो आणि त्यात पालेभाजी क्वचितच असते.

दिल्लीतील गरीब वस्त्यांत सुमारे १३,५०० स्त्रियांवर झालेल्या आणि २०२२ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने याला बळकटी दिली. तेथे केवळ खाऊ दिला नव्हता. आहार, आजारांवर उपचार, स्वच्छ पाणी आणि मानसिक आधार हे सारे एकत्र दिले होते. गर्भधारणेपूर्वी आणि गर्भारपणात अशा दोन्ही काळांत ही मदत मिळालेल्या स्त्रियांत कमी वजनाच्या बाळांचे प्रमाण २४ टक्क्यांनी घटले. एकच गोष्ट देऊन जे साधत नाही, ते अनेक गोष्टी वेळेवर दिल्याने साधते, असे यातून दिसते.

पुण्याच्या संशोधकांनी २०१२ पासून आणखी एक पाऊल टाकले. सहा गावांत जन्मलेली मुले-मुली आता सतरा-अठरा वर्षांची झाली होती. त्यांना दररोज २ मायक्रोग्रॅम इतक्या अल्प मात्रेत ब-१२ देण्यास सुरुवात झाली. काहींना त्यासोबत इतर पोषकद्रव्येही दिली, काहींना केवळ दिसायला सारखी, निर्गुण गोळी. मुलींना लग्न होऊन पहिले बाळ होईपर्यंत ही मात्रा देण्यात आली. मुलग्यांनाही यात घेतले होते, ही मला विशेष महत्त्वाची गोष्ट वाटते; बाळ दोघांचे असते. या प्रयोगातील मातांची मुले दोन वर्षांच्या आसपास पोहोचल्यावर त्यांची आकलनशक्ती व भाषा तपासली गेली. केवळ ब-१२ मिळालेल्या मातांच्या मुलांची प्रगती त्यात अधिक चांगली आढळली. ही संख्या लहान आहे, आणखी अभ्यास व्हावे लागतील. तरीही लग्नाआधीच्या वर्षांत एका मुलीने काय खाल्ले, याचा तिच्या बाळाच्या बोलण्याशी संबंध असू शकतो, ही गोष्ट आईबापांनी मनावर घ्यावी अशी आहे.

शरीरशास्त्रातील आणखी एक गोष्ट येथे सांगायला हवी. मुलीच्या अंडाशयातील सर्व बीजे ती स्वतः आईच्या उदरात असतानाच तयार होतात. म्हणजे आज जन्मलेले बाळ ज्या बीजापासून झाले, ते बीज त्याच्या आजीच्या गर्भारपणात घडले होते. १९७२ च्या दुष्काळात सुकडी खाऊन दगड फोडणाऱ्या गर्भवती स्त्रियांच्या मुली आज पन्नाशीच्या आहेत, आणि त्यांच्या मुली आता आई होत आहेत.

दोष कोणाचा?

या संशोधनाचा एक दुरुपयोग होऊ शकतो, आणि तो काही घरांत होतानाही दिसतो. बाळ कमी वजनाचे झाले की ‘हिनेच नीट खाल्ले नाही’ असे बोलून मोकळे व्हायचे. संशोधन हे सांगत नाही. दूध डेअरीला घालण्याचा निर्णय सुनेचा नसतो. सातव्या महिन्यात डोक्यावर हंडा वाहण्याची हौस कोणाला नसते. बांधकामावरील मजूर स्त्रीने सुट्टी घेतली, तर त्या दिवसाची मजुरी बुडते. एकोणिसाव्या वर्षी लग्न आणि विसाव्या वर्षी बाळ हे वेळापत्रकही बहुधा तिने आखलेले नसते. तिला चार उपदेश ऐकवण्यापेक्षा घरातील पुरुषांनी नळावर जाऊन पाणी आणले, तर पुण्याच्या अभ्यासाचा अर्थ त्यांना समजला असे म्हणता येईल.

सरकारी योजनाही बहुतांश गर्भधारणेनंतर सुरू होतात. प्रधानमंत्री मातृवंदना योजना २०१७ पासून पहिल्या बाळासाठी ५,००० रुपये देते. अंगणवाडीतून गर्भवती व स्तनदा मातांना पूरक आहार मिळतो. हे सर्व घ्यावे. तो हक्क आहे. किशोरवयीन मुलींना आठवड्यातून एकदा मिळणारी लोह व फॉलिक ॲसिडची निळी गोळी ही यातील आधीपासून सुरू होणारी मोजकी मदत. पुष्कळ मुली ती दप्तरात ठेवून विसरतात किंवा पोटात मळमळते म्हणून फेकून देतात. जेवणानंतर घेतल्यास मळमळ कमी होते. तिच्यासोबत चहा घेऊ नये, कारण चहामुळे लोह अंगी लागत नाही. लिंबू किंवा आवळा घेतल्यास फायदा होतो.

आपल्या धर्मग्रामांना मात्र एक संधी आहे, जी सरकारी दवाखान्याला सहसा मिळत नाही. लग्न ठरलेली जोडपी विवाहपूर्व शिबिरासाठी आपल्याकडे येतात, तीही गर्भधारणेच्या कित्येक महिने आधी, आणि दोघे एकत्र. शिबिरात विवाहसंस्कार, संसार, नैसर्गिक कुटुंबनियोजन यांवर व्याख्याने होतात. त्यातच एक तास एखाद्या डॉक्टरांना किंवा परिचारिकेला देता येईल. वधूचे रक्त (हिमोग्लोबिन, शक्य असल्यास ब-१२ आणि साखर) तेव्हाच तपासून घ्यावे. वजन चाळीस-बेचाळीस किलोच असेल, तर लग्नाआधीचे महिने त्यासाठी द्यावेत; साडीच्या खरेदीइतकेच हेही तयारीत धरावे. वरानेही रक्त तपासावे आणि तंबाखू सोडावी.

महिला मंडळांनीही खर्चिक काही करण्याची गरज नाही. मुळशीत पावसाळ्यात टाकळ्यासारख्या रानभाज्या उगवतात. माठ, चाकवत, राजगिरा, अंबाडी, शेवग्याचा पाला परसात होतो. परसात दोन-चार कोंबड्या असतील, तर रोजचे एक अंडे घरातच मिळते. ते अंडे कोणाच्या ताटात पडावे, याविषयी मंडळाच्या पुढील सभेत मोकळेपणाने बोलले जावे, आणि त्या सभेला पुरुषांनाही बोलवावे.